मेन स्विच कुठे असतो?

१. नांदुरीच्या नारळवाल्याचा प्रश्न

खानदेशातून पायी निघालेला माणूस 'वणीला चाललोय' म्हणतो, पण वणी गावात तो बहुधा पाऊलही टाकत नाही. मालेगाव, देवळा, कळवण करत तो थेट नांदुरीला उतरतो आणि तिथून सप्तशृंगीचा गड चढतो. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत या नांदुरीत पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो, आणि फोन कुणाचाच लागत नाही.

अशाच एका दुपारी मी तिथे खण-नारळ घेत होतो. पैसे मोबाइलवरून पाठवले, तर पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. दुकानदार म्हणाला, "राहू द्या दादा, रेंज गेली. बसा जरा." माझ्यासारखे दहा-बारा जण खोळंबले. अर्ध्या तासाने त्याच्या फळीवरची छोटी पेटी अचानक बोलायला लागली. साठ रुपये, एकशे वीस रुपये, पुन्हा साठ रुपये. अडकलेले सगळे पैसे ओळीने येऊन पडले.

नारळ पिशवीत टाकता टाकता त्याने विचारलं, "दादा, हे नेट बंद पडलं तर चालू कोण करतं? त्याचा मेन स्विच असतो कुठे?"

मी म्हटलं, "मेन स्विच नसतोच."

"मग बिघडलेलं सरळ होतं कसं?"

हे प्रकरण या दुसऱ्या प्रश्नाचं आहे. घरातला पंखा, टीव्ही, फार तर संगणक बिघडला की आपण तो बंद करून पुन्हा चालू करतो. सगळं शून्यावर येतं आणि नव्याने सुरू होतं. पण हजारो यंत्रं हजारो गावांत पसरलेली असतील, कुणालाही सगळं चित्र दिसत नसेल, प्रत्येकाला फक्त शेजारचं यंत्र ठाऊक असेल आणि निरोपही उशिरा पोचत असतील, तर 'बंद करून चालू' कोण करणार? सगळी एकाच क्षणी बंद करा, हा हुकूम तरी कोण देणार? अशा पसरलेल्या, धनी नसलेल्या व्यवस्थेला वितरित व्यवस्था म्हणतात. ती बिघडली तर आपली आपण थाऱ्यावर यावी, असे नियम तिच्या घटकांना आधीच देऊन ठेवता येतात का?

येतात. आणि ते समजायला संगणकाच्या आधी पाटाच्या पाण्याकडे गेलेलं बरं.

२. पाटकरी लग्नाला गेला तर?

गडाच्या उत्तरेला बागलाणात आरम आणि मोसम, त्यापलीकडे धुळ्याकडे पांझरा. या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीत ठिकठिकाणी बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटावर शेतांचे फड. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने आपल्या हाताने दार उघडायचं नाही. कुणाचं किती झालं, आता कुणाचं, हे पाटकऱ्याच्या डोक्यात असतं.

गडाच्या दक्षिणेला दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. तिथे १९९०च्या दशकात ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे सगळ्या धरणाच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. पाणी मोजून घ्यायचं आणि पाळीपत्रकाप्रमाणे द्यायचं, ही तिथली रीत.

फड जुना, वाघाड नवं. पण गाभ्याचा नियम दोन्हीकडे एकच: एका चारीवर एका वेळी एकच जण पाणी घेणार. दोघांनी एकदम दारं उघडली तर दोघांचंही भिजत नाही, आणि वर भांडण. संगणकातही हाच पेच रोज पडतो. दोन यंत्रं एकाच खात्यात एकाच क्षणी लिहायला गेली तर हिशेब बिघडतो. तिथेही एका वेळी एकच.

पाटकरी असेपर्यंत सगळं सोपं असतं. पण तो भाच्याच्या लग्नाला गेला, तर? दुसरा पाटकरी नेमला, तर दोघांच्या डोक्यातली यादी जुळेलच असं नाही. मग पाटकरीच नको, एक काठी फिरवू. ज्याच्या हातात काठी त्याचं पाणी, पाणी झालं की काठी पुढच्याला. रेल्वेच्या एकेरी मार्गावर वर्षानुवर्षं हेच चाललं. स्टेशन मास्तरकडून लोखंडी गोळ्याचं टोकन हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढच्या स्टेशनकडे न्यायचा नाही.

आता काठी हरवली. सगळे आपापल्या बांधावर वाट बघत बसले, पाणी ओढ्याला वाहून चाललं. कुणीतरी कंटाळून नवी काठी कापली, आणि तेवढ्यात जुनी एकाच्या गोठ्यात सापडली. आता काठ्या दोन. ज्याच्या हातात काठी आहे त्याला आपलंच खरं वाटणार, कारण दुसरी काठी त्याला दिसतच नाही. सगळं चित्र कुणालाच दिसत नसेल, तर 'काठ्या दोन झाल्यात' हे ओळखणार कोण?

गाठ ही आहे. ती सोडवली एका डच माणसाने, आणि चूक ओळखल्याशिवायच सोडवली.

३. चार भाऊ, एक मोटर

त्याची युक्ती मी आपल्याकडच्या सामाईक विहिरीवर आणून बसवतो. विहीर एक, मोटर एक, हिस्सेदार चार भाऊ: दादा, अण्णा, तात्या आणि धाकटा बाळू. शेतं विहिरीभोवती गोलात. भाऊबंदकी अशी की बोलणं बंद. प्रत्येकाच्या बांधावर एक पाटी, तिच्यावर ० ते ४ यांपैकी एक आकडा. प्रत्येकाला स्वतःची पाटी दिसते आणि आपल्या आधीच्याची. अण्णाला दादाची, तात्याला अण्णाची, बाळूला तात्याची. आणि गोल पूर्ण होतो म्हणून दादाला बाळूची.

नियम दोनच.

अण्णा, तात्या, बाळू यांचा नियम: आधीच्याचा आकडा माझ्यापेक्षा वेगळा असेल, तर पाळी माझी. पाणी भरून झालं की त्याचा आकडा आपल्या पाटीवर उतरवायचा.

दादाचा नियम वेगळा: बाळूचा आकडा माझ्याइतकाच असेल, तर पाळी माझी. पाणी भरून झालं की आपला आकडा एकाने वाढवायचा. ४ नंतर पुन्हा ०.

सगळं सुरळीत असताना काय होतं ते पाहू. चारही पाट्यांवर २ आहे (क्रम दादा, अण्णा, तात्या, बाळू):

२ २ २ २ : बाळू आणि दादा सारखे, म्हणून पाळी दादाची.
३ २ २ २ : अण्णाला वेगळा आकडा दिसला. पाळी अण्णाची.
३ ३ २ २ : पाळी तात्याची.
३ ३ ३ २ : पाळी बाळूची.
३ ३ ३ ३ : पुन्हा दादा.

पाळी गोल फिरते आहे. काठी नाही, पाटकरी नाही, बोलणंही नाही.

आता बिघाड करू. रात्री वळवाचा पाऊस आला, पाट्या धुऊन निघाल्या, आणि सकाळी पोरांनी मनाला येतील ते आकडे लिहून ठेवले:

१ ४ २ ४

दादाला बाळूचा ४ दिसतो, स्वतःचा १. त्याची पाळी नाही. अण्णाला वेगळा आकडा दिसतो, तात्यालाही, बाळूलाही. तिघंही मोटरीकडे धावतात. नेमकं जे टाळायचं तेच झालं. पण एकेक जण आपला नियम पाळत राहिला तर पुढे काय होतं पाहा. समजा आधी बाळूचं काम झालं. त्याने तात्याचा आकडा उतरवला:

१ ४ २ २ : आता पाळ्या दोन, अण्णा आणि तात्या.
तात्याने अण्णाचा आकडा घेतला. १ ४ ४ २ : पाळ्या दोन, अण्णा आणि बाळू.
अण्णाने दादाचा घेतला. १ १ ४ २ : पाळ्या दोन, तात्या आणि बाळू.
बाळूने तात्याचा घेतला. १ १ ४ ४ : पाळी एकच, तात्याची.

आणि तिथून पुढे १ १ १ ४, मग १ १ १ १, मग दादा. गाडी रुळावर. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन वाटतील ते चार आकडे मांडून बघावेत, आणि भावांना वाटेल त्या क्रमाने हलवावं. मी कित्येकदा केलं आहे. दर वेळी शेवटी पाळी एकच उरते, आणि एकदा एक झाली की पुन्हा दोन होत नाही.

असं का होतं? तीन गोष्टी ध्यानात घ्यायच्या.

पहिली: पाळी कधीच शून्य होत नाही. अण्णा, तात्या, बाळू यांपैकी कुणाचीच पाळी नसेल, तर तिघांचे आकडे ओळीने दादाइतकेच आहेत. म्हणजे बाळू आणि दादा सारखे, म्हणजे पाळी दादाची. पाणी वाया जात बसणार नाही.

दुसरी: पाळ्या वाढत नाहीत. पाळी असलेल्याने काम संपवून आकडा बदलला की त्याची स्वतःची पाळी संपते, आणि त्याच्या बदलाचा परिणाम फक्त पुढच्यावर होऊ शकतो. एक गेली, फार तर एक आली. कधी कधी गेली ती गेलीच. जास्तीच्या पाळ्या अशा विरत जातात.

तिसरी सगळ्यात सुंदर. उरलेल्या तिघांच्या पाट्यांवर मिळून फार तर तीन वेगवेगळे आकडे असणार, आणि आपल्याकडे आकडे आहेत पाच. दादा एकाने वाढवत वाढवत कधी ना कधी अशा आकड्यावर येतो, जो दुसऱ्या कुणाच्याच पाटीवर नाही. नवा आकडा काढायचा अधिकार फक्त दादाला. बाकीचे नुसते उतरवतात. म्हणजे तो कोरा आकडा बाळूच्या पाटीवर दिसला, तर तो अण्णा आणि तात्या यांच्या हातूनच तिथे पोचलेला असणार, आणि वाटेतला सगळा जुना कचरा त्याने पुसलेला असणार. तोवर दादा हलत नाही. तो हलतो तेव्हा चारही पाट्या सारख्या असतात.

गोंधळ झाला हे कुणी ओळखलंच नाही, हे लक्षात आलं का? अण्णाला कधी कळलंच नाही की काल तिघं एकदम धावले ते चुकलं होतं. तो रोजचाच नियम रोजच्यासारखा पाळत होता. दुरुस्तीचा वेगळा नियम नाही, दुरुस्तीचा वेगळा माणूस नाही. रोजचं कामच दुरुस्ती करतं.

याची किंमत मात्र आहे. गोंधळ चालू असताना दोघं-तिघं एकदम मोटरीवर जाणार, त्याला इलाज नाही. हमी आहे ती फक्त शेवटी सरळ होण्याची. आणि सरळ झालंय की अजून व्हायचंय, हे भावांना कधीच कळणार नाही. त्यामुळे नियम कायम पाळत राहावा लागतो. 'झालं आता, पाट्या काढून टाका' असं म्हणायची सोय नाही.

दादाचाच नियम वेगळा का, असं कुणी विचारेल. चौघांना अगदी एकच नियम द्या, चौघांच्या पाट्यांवर एकच आकडा असू द्या, आणि चौघं एकाच क्षणी पाटी बघू देत. सगळ्यांना सारखंच दिसतं, सगळे सारखाच निष्कर्ष काढणार: एक तर चौघांची पाळी, नाही तर कुणाचीच नाही. सारखेपणा कुठेतरी मोडावा लागतो. घरात थोरला लागतो तो यासाठीही.

४. दोन पानं, आणि वाचक नाही

ही युक्ती एड्सगर डाइक्स्ट्रा यांची. जन्म १९३०, रॉटरडॅमचा. मोबाइलच्या नकाशावर नाशिकहून वणीचा जवळचा रस्ता विचारला की आत जी आकडेमोड होते, तिच्या मुळाशी त्यांनीच १९५९ मध्ये छापलेली रीत आहे. ती त्यांना तीन वर्षं आधी ॲम्स्टरडॅमच्या एका कॉफीच्या दुकानात वीसेक मिनिटांत, कागदाशिवाय सुचली होती, असं ते सांगत.

पाट्यांचा लेख नोव्हेंबर १९७४ मध्ये एका नामांकित संगणक मासिकात आला. जेमतेम दोन पानांचा. तीन वेगवेगळ्या रीती दिल्या आणि त्या बरोबर का आहेत याची सिद्धता दिलीच नाही. वाचकाने करून बघावी, असा बाणा. नऊ-दहा वर्षं त्याकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. मग १९८३ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या दुसऱ्या मोठ्या संगणकशास्त्रज्ञाने एका परिषदेच्या भाषणात सांगितलं की डाइक्स्ट्रांचं सर्वांत चमकदार काम हेच, आणि तेच कुणाला माहीत नाही. त्यानंतर रांग लागली. शास्त्रात या गुणाला 'स्वयंस्थिरीकरण' म्हणता येईल. मला मात्र 'थाऱ्यावर येणं' बरं वाटतं. मराठीत तो शब्द आधीपासून आहे.

२००२ मध्ये याच लेखाला त्या परिषदेचा मानाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ६ ऑगस्टला डाइक्स्ट्रा गेले. पुढच्या वर्षापासून त्या पुरस्कारालाच त्यांचं नाव दिलं गेलं.

५. घड्याळाच्या तबकडीवरचा तंटा

थाऱ्यावर न येणारी व्यवस्था कशी असते, याचा धडा २७ ऑक्टोबर १९८० ला मिळाला. इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अमेरिकेतलं आर्पानेट. त्या दिवशी ते काही तास ठप्प झालं.

आर्पानेटमधली प्रत्येक पेटी अधूनमधून आपली खबर सगळ्यांना पाठवायची: माझ्याकडून अमुक रस्ता मोकळा, तमुक बंद. खबर ताजी की शिळी हे कळावं म्हणून तिच्यावर ० ते ६३ मधला क्रमांक असायचा. ६३ झाले की पुन्हा ०. ताजी खबर आली की शिळी फेकायची आणि ताजी शेजाऱ्यांना पुढे द्यायची. साधा, शहाणा नियम.

पण क्रमांक गोलात फिरतात तिथे 'नंतरचा' कोण, हे ठरवणं अवघड असतं. भिंतीवरचं घड्याळ बघा. बारानंतर चार, हे कबूल. चारनंतर आठ, हेही कबूल. आणि आठनंतर बारा. आता बारा, चार आणि आठ या तिघांत सगळ्यांत ताजं कोण? प्रत्येक जण दुसऱ्याच्या पुढे आहे आणि तिसऱ्याच्या मागे.

आर्पानेटमध्ये हेच झालं. एका पेटीची स्मृती खराब होती, तिच्यातले १ गळून ० होत होते. तिथून गेलेल्या एका खबरीचा क्रमांक होता ४४, संगणकाच्या लिपीत १०११००. त्यातला एक १ गळला आणि झालं १०१०००, म्हणजे ४०. आणखी एक गळला, ००१०००, म्हणजे ८. एकाच पेटीच्या नावाने ८, ४० आणि ४४ अशा तीन खबरी एकदम फिरायला लागल्या. ८ पेक्षा ४० ताजी, ४० पेक्षा ४४ ताजी आणि तबकडी ओलांडून ४४ पेक्षा ८ ताजी. प्रत्येक पेटी आपल्याकडची फेकून आलेली घेई, पुढे ढकली, मग तिसरी येई. थांबायला जागाच नव्हती. पेट्या दुसरं काही करेनात.

खरी मेख पुढे आहे. स्मृती गळणारं यंत्र बाजूला काढून काही उपयोग नव्हता, कारण तीन खबरी आता निरोगी पेट्यांमध्ये फिरत होत्या. एकही पेटी नियम मोडत नव्हती. रोगी उठून गेला आणि रोग घरात राहिला. शेवटी माणसांनी एकेका पेटीला 'अमक्याच्या खबरी ऐकू नकोस' असं शिकवत सगळं जाळं हाताने सोडवलं. भावांच्या पाट्या कुठल्याही आकड्यांवरून सुरू होऊन ठिकाणावर येतात. हे जाळं मात्र एका वाईट जागी गेलं आणि तिथेच गरगरत बसलं.

हा धडा रेडिया पर्लमन यांनी मनावर घेतला. १९८३ मध्ये त्यांनी खबरीला वय द्यायची रीत मांडली: ठरावीक वेळात ताजी आली नाही, तर जुनी आपली आपण बाद. लोणच्याच्या बरणीवर तारीख टाकावी तसं. आणि १९८५ मध्ये त्यांनी जे केलं, ते आज जगभरच्या कार्यालयांत चालतं.

कार्यालयातले संगणक ज्या पेट्यांना जोडलेले असतात, त्या स्विचांच्या तारा एखाद्याने गोलात जोडल्या, तर एकच निरोप गोल गोल फिरत राहून सगळं तुंबवतो. पण तार तुटली तर दुसरी वाट असावी म्हणून गोल हवाही असतो. पर्लमन यांच्या नियमात पेट्या आधी आपल्यातला थोरला ठरवतात: ज्याचा क्रमांक सगळ्यांत लहान, तो मुख्य. सुरुवातीला प्रत्येक पेटी 'मीच मुख्य' म्हणते. शेजाऱ्याकडून लहान क्रमांक ऐकला की गप्प बसते आणि तोच पुढे सांगते. मग मुख्यापासून झाडाच्या फांद्यांसारख्या वाटा ठरतात, जास्तीच्या तारा झोपवल्या जातात. मुख्य पेटी दर २ सेकंदांनी 'मी आहे' म्हणते. २० सेकंद हा आवाज आला नाही, तर जुनं सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून. कुठलीही पेटी मरो, कुठलीही तार तुटो, कुणी दुसऱ्या गावाहून नवी पेटी आणून जोडो. विहिरीवर आपण दादाला जन्मजात थोरलेपण दिलं होतं. इथे दादा गेला तर नवा दादा ठरवायची सोय नियमातच आहे.

नांदुरीच्या त्या पेटीचंही याच जातीचं आहे. मोबाइल टॉवरशी बोलणं तुटलं की तो स्वतःच पुन्हा पुन्हा टॉवर शोधत राहतो. पलीकडे न पोचलेला निरोप ठेवून दिलेला असतो, पोचपावती येईपर्यंत तो पुन्हा पाठवला जातो. गर्दी ओसरली, वाट मोकळी झाली, पैसे ओळीने येऊन पडले.

६. ठेका धरणं

पाळी म्हणजे एकामागून एक. याचंच दुसरं अंग म्हणजे सगळ्यांनी एकदम, एका तालात. इथेही ताल देणारा बुवा नसेल तर?

मेच्या अखेरीस, पावसाच्या तोंडाशी, नाशिककर काजवे बघायला भंडारदरा आणि पुरुषवाडीकडे जातात. झाडावरचे काजवे आधी कसेही लुकलुकतात आणि बघता बघता एखादं झाड एकदम उजळतं, एकदम विझतं. १९९० मध्ये रेनाटो मिरोलो आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या गणितज्ञांनी असल्या लुकलुकीचा सोपा नमुना मांडला. प्रत्येक काजव्याच्या पोटात एक भांडं भरत असतं. काठोकाठ भरलं की तो चमकतो आणि भांडं रिकामं होतं. दुसरा चमकलेला दिसला की आपलं भांडं थोडं जास्त भरून घ्यायचं. बस, एवढंच. सगळे सगळ्यांना दिसत असतील, तर जवळपास कुठल्याही सुरुवातीपासून ते अखेरीस एका ठेक्यात येतात, हे त्यांनी सिद्ध केलं. पुन्हा तेच: सुरुवात कशीही असो, शेवट ठरलेला.

याहून मोठा ठेका आपल्या घरातल्या तारेत आहे. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, आणि जाळ्याला जोडलेला प्रत्येक जनित्रसंच त्याच तालावर फिरतो. नाशिकजवळ एकलहऱ्याला औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे संच आहेत. असा संच मिनिटाला ३००० फेऱ्यांवर आणतात, पण लगेच जोडत नाहीत. समोरच्या तबकडीवर एक काटा हळूहळू फिरत असतो. संचाचा ताल आणि जाळ्याचा ताल यांत किती अंतर आहे ते तो दाखवतो. काटा अगदी सावकाश फिरायला लागला आणि बारावर येऊ लागला, की जोडणी टाकतात. घाई केली तर त्या अवजड फिरत्या यंत्राला जाळं असा हिसका देतं की दांडा पिळवटावा.

एकदा जोडला की तालात राहायला कुणाचा फोन यावा लागत नाही. संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले, भार वाढला, की सगळ्यांचा वेग किंचित घटतो. प्रत्येक संचाचा नियंत्रक फक्त आपला वेग बघतो आणि घटला की वाफ वाढवतो. शेजारी काय करतोय हे त्याला विचारावं लागत नाही.

दक्षिणेतली चार राज्यं बराच काळ आपल्या वेगळ्या ठेक्यावर होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला पश्चिमेची वीज आधी एकदिश करून, मग पलीकडच्या तालात पुन्हा उलटसुलट करून दक्षिणेला दिली जाई. एकदिश विजेला तालच नसतो, म्हणून दोन ताल भिडत नाहीत. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, आणि सगळा देश एका ठेक्यावर आला.

ठेका जोडला की ठेचही जोडली जाते, हे विसरू नये. त्याआधीच्या वर्षी, २०१२ च्या ३० जुलैला उत्तरेचं जाळं कोसळलं आणि ३१ जुलैला उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही. ६० कोटींहून जास्त लोकांच्या भागात अंधार झाला. महाराष्ट्राचं पश्चिम जाळं वाचलं, कारण त्याच्या सीमेवरच्या वाहिन्या तुटून ते वेगळं झालं. कधी कधी थाऱ्यावर राहण्यासाठी हात सोडवून घ्यावा लागतो.

७. खोटं बोलणारा भाऊ

इथवर आपण धरून चाललो की पोरांनी आकडे बदलले तरी भाऊ प्रामाणिक आहेत. तात्याच हटून बसला, पाणी भरूनही आकडा उतरवेना, तर? पाळी त्याच्यापाशीच अडते आणि पाट्यांची युक्ती हात टेकते. विस्मरण वेगळं, लबाडी वेगळी.

लबाडीचं गणित लॅम्पोर्ट, शोस्टॅक आणि पीझ यांनी मांडलं. १९८२ चा त्यांचा लेख प्रसिद्ध आहे. समजा भाऊ तीनच आहेत. दादा अण्णाला सांगतो 'आज पाणी सोडायचं', आणि तात्याला सांगतो 'आज नाही'. अण्णा तात्याला विचारतो, तुला काय सांगितलं? तात्या म्हणतो, 'नाही'. आता अण्णाने काय समजायचं? दादा खोटा, की दादाने 'सोडायचं' सांगूनही तात्या खोटं सांगतोय? त्याला दोन्ही अगदी सारखंच दिसतं. चौथा असेल तर बहुमत करता येतं. एका लबाडाला पुरून उरायला चार लागतात, दोघांना सात, तिघांना दहा.  

विस्मरण आणि लबाडी दोन्ही एकदम आली तर? सगळी घड्याळं भलत्याच वेळा दाखवताहेत आणि वर काही घड्याळं मुद्दाम खोटं बोलताहेत. तरीही खरी घड्याळं एका ठेक्यावर आणता येतात, हे श्लोमी डोलेव्ह आणि जेनिफर वेल्च यांनी दाखवलं. ते कसं, यासाठी आणखी एक प्रकरण लागेल.

गडावरून उतरताना मी पुन्हा त्या दुकानात थांबलो. त्याला चार भावांची गोष्ट सांगितली, पाट्या म्हणून चार नारळ मांडले आणि खडूने आकडे घातले. त्याने दोनदा हलवून बघितलं. मग विचारलं, "आणि हे सरळ झालं हे त्यांना कळतच नाही?"

"नाही."

"म्हणजे सगळं ठीक असलं तरी करतच राहायचं?"

मी म्हटलं, हो. बँकेच्या शाखेला रात्री कुलूप असतं, आत कुणी नसतं, तरी कोपऱ्यातली पेटी दर दोन सेकंदांनी 'मी आहे' म्हणत असते. त्याने चारही नारळ फडक्याने पुसले, आकडे गेले, आणि ते पुन्हा ढिगावर ठेवले.